ओठांचा कोपरा

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला त्याचा देव हसला नाही. आधी त्याला वाटलं, काजळीच खराब असणार. डबीच्या तळाशी बसलेली जुनी काजळी, आणि त्यात तेल किती घालायचं ते त्यानं अंदाजपंचे ठरवलेलं. ताडाच्या पानांवर एकतीस वर्षं देव कोरणाऱ्या माणसाला काजळीत तेल किती घालायचं ते ठाऊक नाही, असं कुणाला सांगितलं असतं तर तो तोंडावर हसला असता. पण खरं होतं ते. काजळी बायको लावायची. तो लोखंडी कोरणीनं वाळलेल्या पानावर रेघा काढायचा. त्या रेघा पिवळट पानावर पिवळटच, नीट दिसायच्यासुद्धा नाहीत. मग ती तेलातली काजळी बोटानं पानभर चोळायची, मऊ फडक्यानं पुसून काढायची, आणि कोरलेल्या खाचांत तेवढं काळं उरायचं. म्हणजे देव दिसायचा तो तिच्या हातात. त्याच्या हातात असायचं ते नुसतं ओरखडलेलं पान. शनिवारी तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी महिनाभर धूळ, धूर, काजळी सगळं बंद म्हणून बजावलं, आणि म्हणून आज पहिल्यांदाच तो स्वतः बाह्या वर करून काळं करायला बसला होता. त्यानं फडकं फिरवलं, पान खिडकीकडे धरलं. भुवया बरोबर. नाक बरोबर. डोळे तर झकास उतरले होते. आणि ओठ सरळ. जेवायच्या सुट्टीला दोन मिनिटं राहिलेली असताना खिडकीशी आलेल्या माणसाकडे कारकून बघतो, तसा विष्णू त्याच्याकडे बघत होता.

एरवी त्यानं ते पान बाजूला टाकलं असतं. पण त्याच्या देवाची ओळखच मुळी ते हसू होती. कोरणारे आणखीही होते, त्याच्याहून बारीक दागिने काढणारे होते, शेषाच्या अंगावरचे खवले मोजून भरणारे होते. पण लोक त्याच्याकडे यायचे ते ओठांसाठी. देव हसतोय असं छातीठोक म्हणता येऊ नये, आणि हसत नाही असंही म्हणवू नये, असं काहीतरी त्या ओठांच्या कोपऱ्यात असायचं. गेल्या वर्षी संग्रहालयानं त्याचा शेषशायी घेतला, सात पट्ट्या दोऱ्यानं शिवलेला, आणि त्याच्याखाली पाटी लावली ती त्या हसण्याबद्दलचीच. आता येत्या गुरुवारी संग्रहालयाच्या बाईंनी त्याला बोलावलं होतं. त्यानं लोकांसमोर बसायचं, देवाचा एकच चेहरा कोरायचा, तिथंच काळं करायचं आणि सगळ्यांदेखत देवाला हसवायचं. बाईंनी फोनवर हेच शब्द वापरले होते, देवाला हसवायचं, आणि तो बेफिकिरीनं हो म्हणून गेला होता. त्यात काय एवढं? एकतीस वर्षं दुसरं केलंय काय? आता घरची काजळी लावणारी अंथरुणावर, तेव्हा निदान काळं करायची सवय तरी करून घ्यावी म्हणून तो बसला, आणि हे असं.

दुपारपर्यंत त्यानं सात चेहरे कोरले. तेल कमी केलं, वाढवलं. पान बदललं. फडकं बदललं. कोरणीला दगडावर नवी धार काढली. टेबलावर सात विष्णू ओळीनं पडले होते आणि सातही जण तोंड मिटून गप्प बसले होते. हात गेला की काय आपला? हात जातो म्हणजे काय होतं, हे त्यानं बघितलेलं नव्हतं असं नाही. पण जाणारा हात थरथरतो, रेघ तुटते, दुहेरी होते. इथं रेघ तर तारेसारखी स्वच्छ होती. मास्तरांनी शिकवलं तसंच सगळं. भुवई एका दमात, नाक एका दमात, ओठ तीन रेघांत, डोळे शेवटी. कोरताना हात हलवायचा नाही, डाव्या अंगठ्यानं पान सरकवायचं, कोरणी जिथल्या तिथं. तीन रेघा. त्यानं बोटं दुमडून मोजल्या. वरचा ओठ, खालचा ओठ, मधली फट. मग हसू कुठल्या रेघेत होतं? हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला आणि त्याला एकदम विचित्र वाटलं, कारण त्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता.

आतून बायकोनं हाक मारली, थेंबांची वेळ झाली होती. दर दोन तासांनी थेंब. ती काळा चष्मा काढून मान मागे टाकायची आणि तो तिच्या डोक्याशी उभा राहून खालची पापणी ओढायचा. एवढ्या जवळून, तेही उलटा, तिचा चेहरा त्यानं कधी बघितला नव्हता. हनुवटी वर, कपाळ खाली. ओठ उलटे बघितले की हसणारा माणूस रडताना दिसतो आणि रडणारा हसताना, हे त्याच्या ध्यानात आलं. तिनं विचारलं, जमतंय का काळं करायला? तो म्हणाला, जमतंय की. तेल जास्त घालू नका, ती म्हणाली, खाच भरते आणि रेघ जाड दिसते. एवढंच. आणखी काही सांगेल म्हणून तो बाटली हातात धरून थोडा वेळ उभा राहिला. ती डोळे मिटून पडली होती. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच, तो पुढच्या खेपेला काढायचा होता, आणि उजव्याची नजर अजून निवळायची होती, तेव्हा तूर्त तिला उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. त्याला विचारावंसं वाटलं, आणि काय विचारायचं तेच सुचेना. देव हसत नाही, असं एखाद्यानं बायकोला कसं सांगायचं? जेवायला बसू या का, म्हणून त्यानं विषय संपवला.

काळं न करण्याचा नियम मास्तरांचा. मास्तर म्हणजे तिचे वडील, त्याचा गुरू आणि पुढे सासरा. बाविसाव्या वर्षी तो त्यांच्या घरी शिकायला गेला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, ज्यानं कोरलं त्यानं काळं करायचं नाही. हाताला आपल्या चुका दिसल्या की हात भितो, आणि भ्यालेला हात कामातून जातो. त्याला ते फार मोठं काहीतरी वाटलं होतं. कोरायचं आणि सोडून द्यायचं. त्या खोलीच्या एका कोपऱ्यात खिडकीपाशी मास्तरांची बायको पाय पसरून बसलेली असायची, कोपरापर्यंत काळी, आणि तिच्या शेजारी फडकं घेऊन मुलगी. दोघी पानांवर वाकून खालच्या आवाजात सारख्या काहीतरी बोलत असायच्या आणि मधेच खुसखुसायच्या. मास्तर ओरडायचे, देवाचं काम चाललंय की चहाटळपणा! त्या गप्प व्हायच्या आणि पुन्हा सुरू. त्या घरात कोरणी कुणा बाईनं हातात धरायची नाही असा काही दंडक नव्हता. कुणी त्यांच्या हातात दिली नाही, एवढंच. मास्तरांचे देव तेव्हा हसायचे. नुसतेच हसायचे नाहीत, खट्याळ दिसायचे. त्यांचा बाळकृष्ण बघून माणसं आपोआप खिसे चाचपायची. पुढे सासूबाई गेल्या. तोपर्यंत याचं लग्न होऊन बिऱ्हाड वेगळं झालं होतं, आणि म्हातारा एकटाच कोरायचा आणि एकटाच काळं करायचा. आपला नियम आपणच मोडला. त्या दिवसांतले त्यांचे देव गंभीर झाले. लोक म्हणायचे, दुःखानं हात खोल गेलाय मास्तरांचा. यालाही तसंच वाटायचं. त्यानं तर चारचौघांत सांगितलंही होतं, की मास्तरांचं खरं काम म्हणजे शेवटच्या दिवसांतलं.

हे आठवलं आणि तो घास हातात तसाच धरून बसला. बायको म्हणाली, अहो, जेवताय ना? त्यानं हो म्हटलं.

संध्याकाळी त्यानं पुढच्या खोलीतला बारा वर्षांपूर्वीचा विष्णू भिंतीवरून उतरवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि खाली घड्याळजीकडे गेला. इमारतीच्या जिन्याखाली घड्याळजीचं दुकान होतं, दुकान कसलं, कपाटच म्हणायचं, दार उघडलं की त्यात एक माणूस बसलेला असायचा. घड्याळजी त्याला कलाकार म्हणायचा, निम्मं कौतुकानं आणि निम्मं चेष्टेनं. या कलाकार, देवाचं घड्याळ बंद पडलं का, म्हणाला. त्यानं सांगितलं, जरा भिंग हवंय, बघायचंय काहीतरी. मग भिंग डोळ्याला लावून तो बराच वेळ ओठांवर वाकला. पण त्याला नुसते डोंगर आणि दऱ्या दिसत होत्या, आणि आपण काय शोधतोय हे माहीत नसल्यामुळे काही सापडत नव्हतं. घड्याळजीला राहवेना. द्या इकडे, म्हणाला, हे आमचं काम. त्यानं आपलं भिंग डोळ्यात बसवलं, पान दिव्याखाली तिरकं धरलं, आणि इतक्या चटकन बोलला की जणू बंद पडलेल्या घड्याळात कचरा गेलाय असं सांगत होता.

“हे दोन हत्यारांचं काम आहे, कलाकार.”

कसं काय, म्हणून त्यानं विचारलं.

“ओठांची रेघ जाड हत्याराची. तळ गोल आहे तिचा. आणि हे कोपऱ्यातलं जे वर गेलंय ना, ते सुईचं. तळ टोकदार. हातही निराळा आहे. तुमचा हात ओढतो, हा टोचत टोचत गेलाय. दोन कारागीर आहेत का तुमच्याकडे?”

हो, आहेत, असं तो म्हणाला. आणखी काय म्हणणार! घड्याळजीनं भिंग काढलं आणि हसून म्हणाला, दुसरा जो कुणी आहे, त्याला माझ्याकडे पाठवा, मला असा हात हवाय. तोही हसला. हसताना त्याला आपल्या तोंडाचे दोन्ही कोपरे वर जाताना जाणवले, आणि लगेच असं वाटलं की हे आपलं हसू नव्हेच, कुणीतरी बाहेरून काढलेलं आहे. तो जिना चढायला लागला. घर दुसऱ्या मजल्यावर, पण तो तिसऱ्यावर जाऊन परक्याच दाराला किल्ली लावून बघत होता.

त्या रात्री झोप लागली आणि नीट लागली, याचंही त्याला सकाळी आश्चर्य वाटलं. बुधवारी मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला तो थांबेना. राग यायला हवा होता. राग येतोय का म्हणून तो स्वतःशी चाचपून बघत होता. लबाडी झाली होती का त्याच्याशी? झाली असेल, तर कुणी केली? ती नुसतं काळं करते, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. ‘आमची ही नुसतं काळं करते,’ हेच शब्द, आणि ती शेजारी उभी राहून मान डोलवायची. तयार झालेलं पान हातात आलं की देव हसत असायचा. आपण कोरलंय म्हणजे आपणच हसवलंय, यात शंका घेण्यासारखं काय होतं? की त्याला ठाऊक होतं? आत कुठेतरी ठाऊक होतं आणि त्यानं ते सोयीनं कानामागे टाकलं होतं? त्यानं आठवून बघितलं, ओठांचा कोपरा वर नेताना हाताला काय वाटायचं. काहीच आठवेना. पानाचे तंतू आडवे जातात. ओठांची रेघ त्या तंतूंच्याच वाटेनं जाते, सुखानं जाते. कोपरा वर न्यायचा तर तंतू कापत जायला हवं, आणि तिथं कोरणी अडते. अडते, म्हणून शिकलेला हात तिथं उचलला जातो. हे त्याला पाठ होतं. म्हणजे तो नेहमी तिथंच हात उचलत होता. मग एकतीस वर्षं तो स्वतःला काय समजत होता?

त्यानं स्वतः करून बघायचं ठरवलं. बारीक सुई घेतली, लाकडाच्या तुकड्यात खुपसली आणि कालच्या सातांपैकी पहिल्याच्या ओठांशी भिडला. पान तंतूच्या वाटेनं टरकन फाटलं. दुसऱ्याचा कोपरा वर गेला, पण इतका, की देव लबाड दिसायला लागला, काहीतरी गळ्यात मारायला दारात आलेल्या माणसासारखा. तिसऱ्याचा एकच कोपरा वर गेला आणि देवानं नाक मुरडलं. चौथा बरा वाटला म्हणून त्यानं हुरूपानं पुन्हा काळं केलं, तर देव दात दुखत असल्यासारखा ओठ आवळून बसलेला. एरवी त्याला हसू आलं असतं. त्यानं पानं उलटी करून ठेवली. आत बायको रेडिओ ऐकत होती. काय ऐकतेय हे कळण्याइतका आवाज येत नव्हता, नुसती गुणगुण. तिला जाऊन विचारणं म्हणजे दहा पावलांचं काम. दिवसभरात तो सहा वेळा ती दहा पावलं चालून गेला, थेंब घातले आणि परत आला. प्रत्येक वेळी तिची पापणी ओढताना त्याच्या तोंडाशी वाक्य यायचं. विचारलं आणि ती हो म्हणाली, तर पुढे काय? आणि नाही म्हणाली, मी कुठं काय करते, मी फक्त पुसते, असं म्हणाली, तर? तर सगळंच अधिक अवघड होऊन बसलं असतं. एकदा तिनंच विचारलं, उद्याची भीती वाटतेय का? त्यानं म्हटलं, छे. तिनं त्याचं मनगट धरलं, थोडा वेळ धरून ठेवलं, आणि सोडलं. हात थंड पडलाय तुमचा, म्हणाली.

मास्तर त्याच्या मनातून जाईनात. म्हाताऱ्यानं एक दिवस काम बंद केलं होतं, तेव्हा सगळ्यांनी वयाचं कारण दिलं. यानंही दिलं. गुडघे दुखतात, नजर कमी झाली. आता त्याला तो म्हातारा खिडकीत बसलेला दिसायला लागला, हातात काळं केलेलं पान आणि पानावर गप्प बसलेला देव. त्यालाही आधी काजळी खराब वाटली असेल का? त्यानंही तेल कमी-जास्त करून बघितलं असेल का? आणि आपण त्याच्यासमोर उभं राहून, मास्तर, काय खोल काम झालंय, असं म्हणालो होतो. म्हाताऱ्यानं तेव्हा वर बघितलं होतं. ती नजर त्याला अजून आठवत होती, आणि आजवर तो तिला कौतुकाचं समाधान समजत होता. आता ते काय होतं, हे त्याला सांगता येईना.

गुरुवारी तो गेला. न जाणं सोपं होतं, बायको आजारी आहे म्हणून सांगता आलं असतं. पण कसा कोण जाणे, कपडे घालून, पिशवी घेऊन तो वेळेवर बसमध्ये बसलेला होता. संग्रहालयाच्या दालनात पंचवीसेक खुर्च्या भरल्या होत्या. त्याच्या हातांवर वरून कॅमेरा लावलेला, आणि मागच्या भिंतीवर त्याचे हात दाराएवढे मोठे दिसत होते. बाईंनी गोड आवाजात ओळख करून दिली. मग तो कोरायला लागला. भुवई एका दमात. लोक श्वास रोखून बघत होते. नाक एका दमात. हात आपलं काम चोख करत होता, नेहमीपेक्षाही चोख. ओठांपाशी आला, तीन रेघा ओढल्या, आणि कोपऱ्याशी हात आपोआप उचलला गेला. या वेळी त्याला ते दिसलं. भिंतीवर सगळ्यांना दिसलं असणार, पण त्यातलं काय दिसलं हे कुणाला कळणार होतं? डोळे कोरून झाले. त्यानं काजळी चोळली, फडकं फिरवलं, आणि मागे वळून भिंतीकडे बघितलं. देव दाराएवढा मोठा होता आणि त्याचे ओठ उंबऱ्यासारखे सरळ होते.

बाईंनी माईक त्याच्यासमोर धरला. त्यानं खोटं काहीतरी ठरवून ठेवलेलं होतं, पानाला ओल लागली वगैरे. ते बाजूलाच राहिलं.

“हसू माझं नाही,” तो म्हणाला. “ते माझी बायको काढते.”

दालनभर हलकंसं हसू पसरलं, प्रेमाचं, आणि टाळ्या सुरू झाल्या. त्यानं हात वर करून थांबवायचा प्रयत्न केला. अहो, खरंच सांगतोय, सुईनं काढते ती, मला मंगळवारी कळलं. टाळ्या आणखी वाढल्या. बाईंचे डोळे पाणावले होते. किती मोठं मन लागतं असं म्हणायला, असं त्या माईकमध्ये म्हणाल्या. पहिल्या रांगेतला एक म्हातारा गृहस्थ उठून जवळ आला, पान हातात घेऊन न्याहाळत राहिला आणि म्हणाला, हा देव आधीच्यांपेक्षा खोल आहे, तुमचा हात आता गंभीर होत चाललाय. त्यानं त्या गृहस्थाकडे वर बघितलं, आणि आपण कसे बघतोय हे त्याला नेमकं कळलं.

घरी आला तेव्हा ती खुर्चीत बसलेली होती, डोळ्यांवर काळा चष्मा, पडदे ओढलेले. कसं झालं, म्हणून तिनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, काही न गाळता. लोक खूश झाले असं तो म्हणाला, त्यांना वाटलं मी विनय दाखवतोय. ती हसेल असं त्याला वाटत होतं, निदान हलकं वाटेल तिला, कुणीतरी तिचं नाव घेतलं म्हणून. पण ती ताठ झाली.

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं बोलायला?”

तो गडबडला. तुझंच तर आहे ते, म्हणाला.

“मंगळवारी कळलं, आणि तीन दिवस माझ्या डोळ्यात थेंब घालताय. एक शब्द काढला नाहीत तोंडातून.”

“तू एकतीस वर्षं काढला नाहीस.”

तिनं चष्मा सारखा केला. मग बोलायला लागली तेव्हा आवाज खाली आला होता, पानावर वाकून आईशी बोलायची तसा. तिनं सांगितलं की आईनंच शिकवलं होतं. बाबांची रेघ पहिल्यापासून सरळच होती, कोरणाऱ्या सगळ्यांचीच असते, पानच तसं आहे. आई म्हणायची, पुरुषांच्या हाताखालून देव घाबरून येतात, त्यांना जरा खुलवावं लागतं. आणि बाबांना कळू नये म्हणून तो नियमही आईनंच त्यांच्या डोक्यात भरवला होता, त्यांचाच आहे असं त्यांना वाटेल अशा बेतानं. आई गेली. बाबांनी पहिल्यांदा आपल्या हातानं काळं केलं. मग एक दिवस ते हिच्याकडे आले, तू सांगू नकोस कुणाला, म्हणाले, पण तुला येतं का गं आईसारखं?

“मी नाही म्हटलं,” ती म्हणाली. “येत होतं मला. पण मी तुमच्या देवांना हसू काढत होते. दोघांचे देव एकसारखे हसायला लागले असते तर तुम्हाला कळलं असतं. मी बाबांना नाही म्हटलं. सहा महिन्यांत त्यांनी कोरणी माळ्यावर टाकली, आणि पुढे ते नुसते बसून राहायचे. तुम्ही म्हणायचात, वय झालं.”

त्याला वाटलं आपण खाली बसावं, आणि मग लक्षात आलं की आपण बसलेलेच आहोत. तिच्या चष्म्याच्या काळ्या काचांत खिडकीचा उजेड तेवढा दिसत होता. तिच्यावर चिडायचं, की तिच्या पाया पडायचं, की म्हाताऱ्यासाठी रडायचं, हे त्याच्यानं ठरेना, आणि या तिन्हींपैकी एकही गोष्ट पुरेशी नव्हती.

“तीन वर्षांपूर्वीच डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढून घ्या,” ती म्हणाली. “मीच पुढे ढकललं. महिनाभर काजळी बंद म्हणाले, आणि महिनाभर तुम्ही एकटे काळं करायला बसणार. तो संग्रहालयातला शेषशायी, तो मी कधी बघितलासुद्धा नाही. नुसता बोटानं चाचपून केलाय. शेवटी काहीच दिसेना, गॅस पेटलाय की नाही ते दिसेना, तेव्हा गेले.”

थेंबांची वेळ टळून गेली होती आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. शेजारच्या खोलीत टेबलावर ती पानं अजून उलटीच पडली होती.

“उद्या बसाल ना कोरायला?” तिनं विचारलं.

त्यानं शेजारच्या खोलीकडे बघितलं. तिला तो कसा बसलाय ते दिसत नव्हतं. तिनं हात पुढे केला, चाचपत त्याच्या गालापर्यंत आणला, आणि बोटाचं टोक त्याच्या ओठांवरून हळूहळू सरकवत कोपऱ्यापर्यंत नेऊन तिथं थांबवलं.